एका शब्दाची कुळकथा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय आम्ही कार्यवाहांना प्रथम सांगितला, तेव्हा त्यांनी क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहिले आणि फलकावर 'एका शब्दाची कुळकथा' एवढेच लिहिण्याची परवानगी मागितली. ती आम्ही आनंदाने दिली. मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना पोटात धरणाऱ्या आणि पोटातून सरणाऱ्या वायूवर बोलायचे, हा औचित्यभंग आहे असे कोणास वाटले तर त्यास आम्ही दोष देणार नाही. परंतु ज्या पोटासाठी आपण सारे आपापली गावे सोडून कोलकात्यासारख्या दूरच्या शहरी येऊन राहिलो, त्या पोटाच्या भाषेविषयी एक तास बोलावयास हरकत नसावी.

प्रथमच एक खुलासा करतो. आमची नोकरी केंद्र सरकारची. जन्म फायलींत गेला. बी. ए. ला संस्कृत हा विषय होता आणि तेव्हापासून कोश चाळण्याची खोड जडली, यापलीकडे भाषाशास्त्राशी आमचे नाते नाही. मात्र बदल्यांच्या निमित्ताने जबलपूर, हैदराबाद आणि आता कोलकाता अशा तीन ठिकाणी संसार मांडला, आणि प्रत्येक ठिकाणी डॉक्टरांसमोर पोटाची तक्रार कोणत्या शब्दांत मांडावी हा प्रश्न नव्याने उभा राहिला. त्या प्रश्नातून आजचा विषय निघाला आहे.

या वायूला आपल्या मराठीत शब्द किती आहेत पाहा. अगदी उघडा शब्द 'पाद'. थोडा आडोसा केला की 'वारा सरणे'. वैद्यबुवांच्या तोंडी 'वात'. शास्त्रीबुवांच्या तोंडी 'अपानवायू'. आणि आजच्या घरोघरच्या बोलीत 'गॅस'. क्रिया एकच, पण जो तो आपल्या ऐपतीप्रमाणे तिला वस्त्र नेसवतो. या पाच शब्दांपैकी जो सर्वांत उघडा, ज्याचा उच्चार आम्ही आता केला तेव्हा मागच्या रांगेतील मुले खुदकन हसली, त्यापासूनच आरंभ करू. कारण कुळाच्या दृष्टीने पाहिले तर त्याच्याइतका खानदानी शब्द दुसरा नाही.

संस्कृतात 'पर्द्' असा धातू आहे. पाणिनीच्या परंपरेतील धातुपाठात त्याला स्थान असून त्याचा अर्थ कुत्सित शब्द करणे, म्हणजे ओंगळ आवाज करणे, असा दिला आहे. धातू सांगणाऱ्याने लाजून तो गाळला नाही, आणि अर्थ सांगताना नेमकेपणही सोडले नाही. आता या 'पर्द'चा 'पाद' कसा झाला? ज्या वाटेने सर्पाचा साप झाला, कर्णाचा कान झाला आणि कर्माचे काम झाले, त्याच वाटेने. जोडाक्षरातील रकार प्राकृतात पुढल्या अक्षरात मिसळला आणि ते अक्षर दुप्पट झाले. पुढे दुप्पट अक्षर एकेरी झाले आणि त्याच्या भरपाईदाखल मागला स्वर दीर्घ झाला. पंजाबी भाषा मधल्याच मुक्कामावर थांबली. म्हणून पंजाबी माणूस सापाला सप्प, कानाला कन्न, कामाला कम्म म्हणतो, आणि आपल्या विषयाला 'पद्द' म्हणतो. हिंदी, गुजराती आणि बंगाली मात्र आपल्याबरोबर 'पाद' येथवर चालत आल्या. लाहोरपासून ढाक्यापर्यंत आणि काठमांडूपासून गोव्यापर्यंत हा शब्द ओळखीचा आहे. भारताच्या एकात्मतेची उदाहरणे देताना वक्ते हिमालय आणि गंगा यांची नावे घेतात. हे उदाहरण कोणी देत नाही, इतकेच.

विंध्य आणि गोदावरी ओलांडून द्राविड कुळात शिरलो की शब्द बदलतो. तमिळमध्ये 'कुसु', कन्नडमध्ये 'हूसु', मलयाळममध्ये 'वळि', आणि तेलुगूत 'पित्तु'. या शेवटल्या शब्दाने हैदराबादेस आमच्या घरात बरीच करमणूक केली. आमच्या सौभाग्यवतींना पित्ताचा त्रास. 'आज पित्त फारच झाले' असे त्या मराठीत म्हणाल्या की शेजारच्या तेलुगू मुली पदर तोंडाला लावून घरात पळत. वस्तुतः आपले पित्त संस्कृत आणि तेलुगूतही औषधाच्या भाषेत ते चालते. पण कानाला जे आधी ऐकू येते ते येतेच.

आता मुलांच्या हसण्याकडे वळू. शाळेत संस्कृत शिकताना 'पाद' म्हणजे पाय हे कळले की वर्गात जो हशा पिकतो, तो आम्ही अनुभवला आहे, आपणही अनुभवला असेल. पादपूजा, पादुका, पादाक्रांत, आचार्यपाद! इतका पवित्र शब्द आणि इतका ओशाळवाणा शब्द मराठीत एकरूप कसे झाले? मौज अशी की घरच्या वळणाने गेले असते तर त्यांची गाठ कधी पडलीच नसती. चरणवाचक 'पाद' हा शब्दसुद्धा प्राकृतातून चालत आला. पण वाटेत त्याचा दकार गळाला आणि आपल्या हाती 'पाय' आला. म्हणजे मराठी घरात पाय तो पाय आणि पाद तो पाद, असा स्वच्छ भेद होता. पुढे पंडितांनी संस्कृतातून मूळ 'पाद' पुन्हा उचलून आणला आणि तो देव्हाऱ्यात बसवला, तेव्हा कोठे हा घोटाळा झाला. दोष असलाच तर तो पंडितांचा आहे, पोरांचा नाही. इकडे बंगालीत पृष्ठाच्या तळाशी दिलेल्या टिपेला 'पादटीका' म्हणतात. मराठीने 'तळटीप' असा शब्द रूढ केला. तो करणाऱ्यांच्या मनात हेच कारण होते की काय, हे सांगणे कठीण आहे. पण शिक्षकांचे त्यात कल्याण झाले हे खरे.

या दोन 'पाद' शब्दांची आणखी एक गंमत आहे, आणि ती सांगायला कोलकात्याहून योग्य शहर नाही. सर विल्यम जोन्स या न्यायाधीशाने येथे 1784 साली एशियाटिक सोसायटी स्थापन केली, आणि 2 फेब्रुवारी 1786 रोजी तिच्यापुढे केलेल्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असे मत मांडले. पुढे 1822 साली जर्मनीतील याकोब ग्रिम याने त्यातील एक नियम स्पष्ट केला. मूळ भाषेतील पकाराचा इंग्रजी-जर्मन या शाखेत फकार होतो आणि दकाराचा टकार होतो. म्हणून आपला 'पितृ' तो त्यांचा 'फादर'. आपले 'दश' ते त्यांचे 'टेन'. आपले 'द्वि' ते त्यांचे 'टू'. आता हाच नियम आपल्या दोन्ही शब्दांना लावून पाहा. पाद म्हणजे पाय. पकाराचा फकार, दकाराचा टकार करा, म्हणजे 'फूट' मिळतो. पर्द घ्या, तेच करा, म्हणजे इंग्रजीतील तो चार अक्षरी शब्द मिळतो, जो इंग्रजी शाळेतील मुले गुरुजींच्या पाठीमागे उच्चारतात. 'फार्ट' आणि 'पाद' हे सख्खे चुलतभाऊ आहेत. ग्रीकमध्ये 'पेर्दोमाय', रशियनमध्ये 'पेर्देत', लिथुआनियनमध्येही याच कुळातला शब्द. राजे गेले, धर्म बदलले, देवांची नावे पुसली गेली. आणि हा शब्द कित्येक हजार वर्षे आया आणि आज्या यांच्या तोंडून मुलांच्या कानी पडत राहिला. कोणत्याही दरबाराने त्याला आश्रय दिला नाही, म्हणून कोणत्याही दरबाराबरोबर तो बुडाला नाही.

विद्वान असेही म्हणतात की त्या मूळ भाषेत या क्रियेला दोन धातू होते; एक आवाजासह होणाऱ्या क्रियेचा आणि दुसरा मूकपणे होणाऱ्या. लॅटिन भाषेने हा दुसरा धातू चालवला आणि त्यापासून फ्रेंचमध्ये जो शब्द आला, त्यावरून किल्ल्याचे दरवाजे उडविणाऱ्या सुरुंगाला 'पेटार्ड' हे नाव पडले. मूक धातूने शेवटी एवढा आवाज केला. आपल्याकडेही 'फुसकी' हा वेगळा शब्द आहेच, आणि 'फुसकी सोडणे' हा वाक्प्रचार तर हलकेच खोटी बातमी पसरविण्यासाठी आपण सर्रास वापरतो. बातमी कोणी सोडली हे कळू नये हा त्यातील मुख्य भाग.

मराठीने या शब्दावर म्हणीही रचल्या आहेत. 'पादऱ्याला पावट्याचे निमित्त' ही त्यातील राणी. ज्याला मुळातच खोड आहे तो दोष पावट्यावर ढकलतो. सरकारी कचेरीत बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला या म्हणीची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. दुसरी 'पादा पण नांदा'. वरवर पाहता ओंगळ वाटते. पण संसारात माणसाच्या सर्व शरीरधर्मांसह त्याला घरात ठेवून घ्यायचे असते, हा जो मोठा करार आहे तो तीन शब्दांत बसवणे दुसऱ्या कोणाला जमले असते असे आम्हाला वाटत नाही. मोल्सवर्थसाहेबाने 1831 साली आपला मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला आणि 1857 साली त्याची दुसरी आवृत्ती काढली. या साहेबाने असले शब्द सोवळेपणाने बाजूला सारले नाहीत. एरवी त्यातले कित्येक आज आपल्याला लिखित सापडलेच नसते.

पावट्याच्या बाजूनेही एक शब्द सांगितला पाहिजे. पावटा, वाल, हरभरा यांत काही अशा शर्करा असतात की त्या पचविण्याचे द्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तेथील सूक्ष्मजंतू त्यांवर ताव मारतात, आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या पोटी मिथेन तयार होतो. या तिन्ही वायूंना वास नाही. वास येतो तो अत्यल्प प्रमाणातील गंधकयुक्त वायूंचा. निरोगी माणसाचा वारा दिवसातून दहा ते वीस वेळा सरतो, असे डॉक्टर मानतात. तेव्हा 'आम्ही नाही त्यातले' असे म्हणण्यास कोणासही वाव नाही. आपल्या आज्यांना शर्करांची नावे ठाऊक नव्हती; पण वालाच्या फोडणीत हिंग आणि ओवा पडल्यावाचून त्या कढई उतरवीत नसत. काळ्या मिठाला आपण 'पादेलोण' म्हणतो. त्याचा तो कुबट वास गंधकाच्या संयुगांचाच असतो, तेव्हा नाव ठेवणाऱ्याने नाकाच्या साक्षीने ठेवले असावे, असा आमचा तर्क आहे.

आता 'वात'. 'वा' म्हणजे वाहणे, या धातूपासून वात आणि वायू हे दोन्ही शब्द झाले. इंग्रजीतील 'विंड' हा त्याच घरचा, आणि फारसीतील 'बाद' हाही. हिंदी प्रदेशात पोटात वायू करणाऱ्या पदार्थाला 'बादी' म्हणतात, ते या फारसी नात्याने. आपण त्याच पदार्थाला 'वातूळ' म्हणतो. जबलपूरच्या बाजारात अरबीची गड्डी निवडताना भाजीवाली म्हणे, 'बाबूजी, बादी है', आणि आमची आई म्हणे, 'वातूळ आहे रे'. दोघी एकच शब्द दोन वळणांनी बोलत होत्या हे दोघींना ठाऊक नव्हते. संस्कृतात खिडकीला 'वातायन' म्हणतात, वाऱ्याची वाट. आणि इंग्रजीतील 'विंडो' मूळ अर्थाने वाऱ्याचा डोळा. मात्र समईतील वात या कुळातली नाही. ती 'वर्ति' शब्दाची मुलगी; म्हणूनच तो वात आणि ती वात असा भेद मराठीने राखला आहे.

आयुर्वेदाने या वाताला साऱ्या शरीराचा चालक मानले, आणि मग त्याच्या नावावर काय काय चढले पाहा. संधिवात, आमवात, धनुर्वात, अर्धांगवायू. ज्वराच्या भरात रोगी बरळू लागला की 'वात झाला' म्हणत. त्यावरूनच कोणी डोके उठवले की आपण 'वात आणलास' म्हणतो. येथे बंगाली मंडळींत 'बातिक' म्हणजे वेड किंवा नाद. कोणाला तिकिटे जमविण्याचा बातिक, कोणाला नाटकाचा. सोवळ्याचे वेड लागलेल्या बाईला ते 'शुचिबाई' असलेली म्हणतात. ही 'बाई' म्हणजे स्त्री नव्हे, तो 'वायू' आहे. पोटातला वारा डोक्यात गेला की माणूस छंदिष्ट होतो, ही समजूत या एका शब्दात गोठून राहिली आहे. आणि नुसते 'बात' म्हटले तर बंगाली माणसाचा हात गुडघ्याकडे जातो, हिंदी माणूस मात्र बोलणे ऐकायला कान पुढे करतो; कारण हिंदी 'बात' वार्तेपासून निघाली आहे.

'अपान' हा शब्द सर्वांत प्रतिष्ठित. 'अन्' म्हणजे श्वास घेणे. प्राण, अपान, व्यान, उदान, समान हे पाचही त्याच धातूचे. लॅटिनमध्ये त्याच मुळापासून प्राण किंवा आत्मा या अर्थाचा 'अनिमा' हा शब्द झाला, आणि त्यावरून इंग्रजीतील 'ॲनिमल'. प्रश्नोपनिषदात एक दृष्टांत आहे. सम्राट जसा निरनिराळ्या गावांवर आपले अधिकारी नेमतो, तसा मुख्य प्राण इतर प्राणांना वेगवेगळ्या ठिकाणी नेमतो. आणि अपानाची नेमणूक होते ती शरीराच्या खालच्या द्वारांवर. बदलीच्या नोकरीतील माणसाला हा दृष्टांत विशेष भावतो. काही जणांना दिल्ली मिळते, काही जणांना अपानाचे ठाणे मिळते. पण त्या ठाण्याचे काम एक दिवस बंद पडले तर दिल्लीची काय अवस्था होते, हे पुढे सांगणारच आहोत. आपल्या पूर्वजांना ते ठाऊक होते. जेवणाच्या आरंभी ज्या पाच प्राणाहुती घेतात त्यांतील दुसरी आहुती अपानाची असते. चरकाने जे तेरा वेग दाबून धरू नयेत म्हणून सांगितले त्यांत याचा समावेश आहे, आणि वाग्भटाने तर आपल्या यादीत वाताला पहिला मान दिला आहे. रोमचा सम्राट क्लॉडियस याने भोजनाच्या पंक्तीत वारा सोडण्यास परवानगी देणारे फर्मान काढण्याचे मनात आणले होते, असे त्याचा चरित्रकार स्युटोनियस सांगतो. कोणी तरी संकोचाने दाबून धरले आणि प्राणावर बेतले, असे सम्राटाच्या कानी आले होते म्हणे. वाग्भटाला फर्मानाची गरज पडली नाही.

येथवर जे पाहिले त्यातून एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. लाज वाटली की माणूस परभाषेत शिरतो. मराठी माणूस संस्कृतात शिरून 'अपानवायू' म्हणाला. हिंदी माणूस फारसीत शिरून 'बादी' म्हणाला. इंग्रज डॉक्टर लॅटिनमध्ये शिरून 'फ्लेटस' म्हणाला. त्या लॅटिन शब्दाचा अर्थही नुसता फुंकर असाच आहे, आणि फुंकण्याच्या त्याच धातूपासून 'इन्फ्लेशन', म्हणजे चलनफुगवटा, हा शब्द झाला. महागाई भत्त्याच्या आदेशावर सही करताना आम्हाला त्याची आठवण होते. असो. आता आपण सारे मिळून ज्या परभाषेत शिरलो आहोत तिचा शब्द आहे 'गॅस'. हा शब्द मात्र कोणाच्या आजीने दिलेला नाही. ब्रसेल्सचा वैद्य यान बाप्टिस्ट फान हेलमाँट याने तो तयार केला. त्याच्या निधनानंतर, 1648 साली, त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रीक 'केऑस', म्हणजे सृष्टीपूर्वीचा गोंधळ, यावरून त्याने तो घेतला. गोंधळ हा त्याचा मूळ अर्थ त्याने मराठी घरात येऊनही सोडलेला नाही. 'गॅस झालाय' आणि 'गॅस संपलाय' ही दोन वाक्ये एकाच स्वयंपाकघरातून ऐकू येतात, आणि पाहुण्याला कोणती सहानुभूती दाखवावी हे कळत नाही.

पण ही केवळ थट्टेची गोष्ट नाही. काही वर्षांपूर्वीचा, येथलाच एक प्रसंग सांगतो. आमची मावशी आपल्या मुलाकडे राहत असे. वय अठ्ठ्याहत्तर, हिंदी जेमतेम, बंगाली मुळीच नाही. मुलगा परगावी गेलेला असताना तिचे पोट दुखू लागले. नातू, वय सतरा, मोठा हुशार आणि प्रेमळ मुलगा, तिला एका दवाखान्यात घेऊन गेला. मावशी सांगत होती, 'दोन दिवस झाले, वारा सरला नाही. पोटाला तडस लागली आहे, मुरडून कळा येतात.' नातवाचे घरचे मराठी चहा-पाण्यापुरते होते. वारा म्हणजे गॅस एवढे त्याला उमगले, आणि त्याने डॉक्टरांना इंग्रजीत सांगितले की आजीला फार गॅस झाला आहे. डॉक्टरांनी ढेकर येणारे पातळ औषध दिले, हलके खावयास सांगितले आणि घरी पाठविले. रात्री उलट्या सुरू झाल्या. पहाटे तिला मोठ्या रुग्णालयात न्यावे लागले.

आम्ही दौऱ्यावर होतो, ते त्या दिवशी सकाळी पोहोचलो. तेव्हा एक मलयाळी परिचारिका मावशीच्या पोटावर हात ठेवून उभी होती. तिला मराठी येत नव्हते, मावशीला मलयाळम येत नव्हते. तिने हाताने खूण करीत एकच शब्द विचारला, 'वायू?' मावशीने मान हलवली आणि दोन बोटे दाखवली. 'नाही. दोन दिवस.' परिचारिका धावतच शस्त्रवैद्यांकडे गेली. फार गॅस होणे आणि वायू मुळीच न सरणे, या दोन तक्रारी एकमेकींच्या उलट आहेत. पहिलीने बहुधा कोणी मरत नाही. दुसरी, तीही कळा, फुगलेले पोट आणि उलट्या यांसह, आतडे अडल्याची खूण असू शकते. मावशीचे पूर्वी एक शस्त्रकर्म झालेले होते, त्या जागी आतडे चिकटून वाट बंद झाली होती. दुपारी शस्त्रक्रिया झाली.

त्यानंतरचे चार दिवस आम्ही विसरणार नाही. रोज सकाळी वैद्य येत, कागद पाहत आणि तोच एक प्रश्न विचारीत. ताप किती, रक्तदाब किती, हे सारे नंतर. साऱ्या कुटुंबाचे लक्ष त्या एका गोष्टीकडे लागले होते. चौथ्या दिवशी पहाटे मावशीने नातवाला जवळ बोलावून कानात सांगितले, 'सरला रे बाबा.' त्या मुलाने बाहेर येऊन ओसरीत बसलेल्या आम्हा सर्वांना, चारचौघांत, मोठ्याने, आजीच्याच शब्दांत सांगितले, 'वारा सरला!' त्याच्या डोळ्यांत पाणी होते. शेजारच्या बाकावरील बंगाली वृद्ध गृहस्थांनी काय झाले म्हणून विचारले. आम्ही 'बायू' एवढेच म्हणालो, आणि त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

त्या नातवाला दोष देण्यासाठी हे सांगितले नाही. त्याला कोणी तो शब्द कधी सांगितलाच नव्हता. आपण मुलांना मंडळात आणतो, गणपतीची आरती शिकवतो, नाटकात उभे करतो, लेझीम हाती देतो. हे सारे सभेतले मराठी. आजीच्या अंथरुणापाशी जे मराठी लागते ते निराळे आहे, आणि ते सभेत कोणी शिकवीत नाही, कारण ते अशिष्ट ठरले आहे. घरात आपणही त्याची जागा 'गॅस' आणि 'ॲसिडिटी' या दोन शब्दांना देऊन टाकली. वास्तविक मराठीत या पोटाच्या राज्यात केवढी सूक्ष्म विभागणी आहे! 'गुबारा धरणे' म्हणजे पोट वर फुगून येणे, विशेषतः तान्ह्या मुलाचे. 'डब्ब होणे' म्हणजे खाल्लेले तसेच पडून राहून जड होणे. 'तडस' म्हणजे आतून ताण बसणे. 'कळ' येते आणि जाते; 'मुरडा' पिळून काढतो आणि शौचास पळवतो; 'वायगोळा' एका जागी गोळ्यासारखा उठतो. 'करपट ढेकर' निराळी आणि 'आंबट ढेकर' निराळी. ती सांगितली की वैद्याचे अर्धे काम होते. 'ढवळते' म्हणजे अजून उलटी झालेली नाही, पण होईल. या प्रत्येकाला 'गॅस' म्हणणे म्हणजे साऱ्या पाहुण्यांना एकाच नावाने हाक मारण्यासारखे आहे.

घरचा शब्द परप्रांतात नेहमी पोहोचतोच असे नाही, हेही खरे. जबलपूरला आमच्या शेजारच्या मराठी बाईंनी बाळाच्या 'पोटात गुबारा धरलाय' असे सांगितले, तेव्हा औषधे बांधणाऱ्या कंपाउंडरने घाबरून विचारले की मुलाने फुगा गिळला कधी? हिंदीत 'गुब्बारा' म्हणजे फुगा. तेव्हा घरच्यासाठी घरचा शब्द हवा, आणि बाहेरच्यासाठी 'वायू' हा शब्द हाताशी असू द्यावा. केरळातील परिचारिकेपासून बंगालमधील आजोबांपर्यंत तो सर्वांना कळतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. दोन्ही माहीत असले म्हणजे मधल्या माणसाला अंदाजाने भाषांतर करावे लागत नाही.

सभागृहाच्या मागील बाजूस, चहाच्या टेबलाशेजारी, कार्यवाहांनी आमच्या विनंतीवरून एक कोरी वही आणि पेन ठेवले आहे. कोकणातील, देशावरील, विदर्भातील आणि मराठवाड्यातील घरांत दुखण्याखुपण्याचे जे शब्द आहेत ते एकसारखे नाहीत. गोव्याकडील मंडळींचे तर आणखी वेगळे. ज्येष्ठांनी, विशेषतः माताभगिनींनी, आपापल्या घरचे शब्द त्या वहीत लिहावेत, शेजारी गावाचे नाव लिहावे, आणि त्या शब्दाने नेमके कोठे आणि कसे दुखते तेही एका ओळीत लिहावे. ज्यांना लिहिणे अवघड वाटेल त्यांच्याकडून नातवंडांनी विचारून लिहून घ्यावे. शब्द शिष्ट आहे की अशिष्ट, याची चिंता कोणी करू नये. वही भरली की ती मंडळाच्या ग्रंथालयात, मोल्सवर्थच्या शेजारी ठेवण्याचे ग्रंथपालांनी मान्य केले आहे.